उरलेल्या लाकडातून संक्रांतीचे वाण: दोन वाट्यांची हळदीकुंकवाची कोयरी

घरातील फर्निचरचे काम संपले की कोपऱ्यात फळकुटांचा ढीग उरतो आणि त्यातून संक्रांतीच्या वाणासाठी हळदीकुंकवाच्या कोयऱ्या कराव्यात, असा विचार अनेकांच्या मनात येतो. सांगली-मिरजेतील ओळखीची मंडळी त्याविषयी विचारायला माझ्याकडे येतात, पण बहुधा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे वस्तू बिघडल्यानंतर. कोयरी पाटावर ठेवली की डगमगते, दोन वाट्यांमधल्या भिंतीची ढलपी उडालेली असते, पॉलिश बोटाला चिकटते, किंवा कुंकू वाटीच्या तळाशी ओले होऊन घट्ट बसलेले असते. बारकाईने विचारल्यावर असे आढळते की हत्यारे ठीक होती आणि मेहनतही पुरेशी झाली होती. लाकूड वाळण्याआधी कापले गेले, तुकडे सुटे केल्यानंतर वाट्या पाडल्या गेल्या आणि पॉलिश पक्के होण्याआधी त्यांत हळद भरली गेली. म्हणून पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत, त्याच क्रमाने करावेत.

येथे धरलेले माप असे आहे: लांबी ११० मिलिमीटर, रुंदी ५५ मिलिमीटर, जाडी २२ मिलिमीटर, आणि त्यात ३५ मिलिमीटर व्यासाच्या दोन वाट्या. संख्या २५ धरली आहे. लाकूड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निवडावे, वाट्या २२ तारखेपर्यंत पाडून व्हाव्यात, घासकाम महिनाअखेरपर्यंत आणि पॉलिश ५ जानेवारीपर्यंत संपवावे. उरलेला आठवडा पॉलिश पक्के होण्यासाठी मोकळा ठेवावा. एवढे जमले नाही, तर घाई करण्याऐवजी हळदीकुंकूच पुढे न्यावे; रथसप्तमीपर्यंत मुदत असतेच.

टप्पा १: लाकूड निवडणे

या टप्प्याला एक पूर्ण दिवस द्यावा. ढिगातील निम्मे तुकडे बाजूला पडले तरी वाईट वाटून घेऊ नये, कारण चुकीचा तुकडा शेवटच्या दिवशी तडकला, तर त्यावर खर्च झालेले सारे श्रम वाया जातात.

इंचाची फळी दोन्ही बाजूंनी रंधल्यावर साधारण सात सूत उरते. सात सूत म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर, आणि कोयरीला तेवढी जाडी हवीच. त्याहून पातळ तुकडे दोन थर चिकटवून वापरता येतात; ते टप्पा ४ मध्ये पाहू.

सातारा, वाई, कऱ्हाड किंवा सांगलीतील जुने वाडे उतरवताना निघालेले सागवान या कामासाठी सर्वांत चांगले, कारण ते पूर्ण वाळलेले असते. मात्र त्यात मोडलेले खिळे हमखास असतात. जुन्या स्पीकरमधील लोहचुंबक प्रत्येक बाजूवरून सावकाश फिरवावे. पितळी खिळा चुंबकाला लागत नाही, म्हणून त्यानंतर डोळ्यांनीही पाहावे. चुना आणि सिमेंटचे कण तारेच्या ब्रशने झाडल्याशिवाय रंधा लावू नये; एकाच फटक्यात त्याची धार जाते. जुन्या तुकड्यावर तैलरंग असेल, तर तो घासून काढण्याचा मोह टाळावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी असते, आणि घासल्यावर त्याची धूळ घरभर पसरते. असा तुकडा सोडून द्यावा.

मिरजेत सतारी आणि तंबोरे घडवणाऱ्या कारागिरांकडे तुनीच्या लाकडाची कात्रणे कधीकधी मिळतात. हे लाकूड हलके, लालसर आणि रंधायला सोपे असते, पण मऊ असल्याने वाटीच्या कडा लवकर फुटतात. त्यासाठी ड्रिलचे बिट नवीन किंवा नुकतीच धार लावलेले असावे.

कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींतून यंत्रांच्या खोक्यांचे पाइन मिळते. परदेशातून आलेल्या खोक्यावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह आणि त्याशेजारी दोन इंग्रजी अक्षरे असतात. ‘एचटी’ असल्यास लाकडाला फक्त उष्णता दिलेली असते व ते वापरता येते. ‘एमबी’ असल्यास त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते घेऊ नये. तेलाचे किंवा रसायनाचे डाग पडलेली फळीही घेऊ नये.

बाभूळ कणखर असते, पण त्यात टॅनिन भरपूर असल्याने ओल्या लोखंडाचा स्पर्श होताच काळा डाग पडतो. आंब्याच्या लाकडाला कीड लवकर लागते. प्लायवूड व एमडीएफ या कामासाठी पूर्ण वर्ज्य समजावे: प्लायच्या वाटीच्या भिंतीत थर उघडे पडून कुसळे निघतात, आणि एमडीएफ ओल लागताच फुगते.

तपासणी: प्रत्येक तुकडा पांढऱ्या कागदावर दोनदा ठोकावा. पिठासारखी बारीक पूड पडली, तर आत कीड जिवंत आहे असे समजून तो तुकडा घराबाहेर काढावा, बाकीच्या ढिगातही ठेवू नये. सागवानाच्या कडेचा पांढरट भाग किडीला विशेष आवडतो, तो शक्यतो कापून टाकावा. टोकाकडून पाहिल्यावर वर्तुळांचा मध्यबिंदू तुकड्यातच दिसत असेल, तर तो तुकडा आज ना उद्या तडकतोच.

टप्पा २: लाकूड मुरवणे

सातारा आणि सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांत हवेचा फरक फार मोठा आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटण किंवा शिराळ्याच्या पश्चिम भागात पावसाळाभर पडवीत पडलेले लाकूड आणि माण, आटपाडी किंवा जत भागातील घरात ठेवलेले लाकूड यांत ओलाव्याचे प्रमाण अगदी वेगळे असते. लाकूड वाळताना लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही, रुंदीच्या दिशेने मात्र आकसते, आणि वर्तुळांच्या कडेने होणारे हे आकुंचन केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या दिशेतील आकुंचनाच्या साधारण दुप्पट असते. याच कारणाने ओल्या फळीतून काढलेली कोयरी एका कोपऱ्यावर उचलली जाते आणि डगमगू लागते.

तुकडे ज्या घरात काम करायचे, त्या घरातील कोरड्या खोलीत, मध्ये बारीक पट्ट्या घालून हवा खेळेल असे रचावेत. उन्हात ठेवू नयेत, कारण बाहेरचा थर आधी आकसून टोकांना चिरा पडतात. चार-पाच तुकडे स्वयंपाकघरातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून वजन आणि तारीख पेन्सिलीने त्यांच्यावरच लिहावी व दर चार दिवसांनी पुन्हा तोलावे. अर्धा किलोच्या तुकड्यात सलग दोन वेळा २ ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला नाही, की लाकूड मुरले असे मी समजतो. आधीच वाळलेल्या तुकड्यांना यासाठी दहा-बारा दिवस पुरतात. नुकत्याच कापलेल्या ओल्या लाकडाला मात्र एक इंच जाडीमागे वर्षभर लागू शकते, म्हणून ते या वर्षीच्या संक्रांतीसाठी धरूच नये.

टप्पा ३: एक बाजू सपाट, एक कड काटकोनात

लांब तुकडा शक्य तितका लांबच ठेवावा. या टप्प्यावर ११० मिलिमीटरचे तुकडे पाडणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. छोटा तुकडा रंध्याखाली धरता येत नाही, ड्रिलखाली फिरतो आणि बोटांना इजा करतो.

आधी एकच रुंद बाजू रंधून सपाट करावी आणि तिच्यावर खूण करावी. मग त्या बाजूला गुण्या लावून एक कड काटकोनात आणावी. पुढची सगळी मापे या दोनच पृष्ठभागांवरून घ्यावीत, कारण दर वेळी वेगळ्या कडेवरून मोजल्यास अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरची चूक साचत जाते. रंधा लावताना तंतू उपटले जात असल्यास तुकडा फिरवून उलट दिशेने रंधावा.

रंधा नसेल, तर कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या सपाट फरशीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर तुकडा घासावा. वेळ जास्त लागतो, पण परिणाम उत्तम मिळतो.

तपासणी: तुकडा जाड काचेवर ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे आलटून पालटून दाबावेत. टक टक असा आवाज आला, तर बाजू अजून सपाट झालेली नाही.

टप्पा ४: पातळ तुकडे चिकटवणे

तुकडे मुळातच जाड असतील, तर हा टप्पा सोडून द्यावा. बारा मिलिमीटरच्या दोन पट्ट्या चिकटवताना दोन्हींचे तंतू एकाच दिशेने असावेत. एकमेकांना आडवे ठेवल्यास एक आकसते, दुसरी आकसत नाही आणि सांधा उघडतो. सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून चिकटवण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग स्पिरिटच्या फडक्याने पुसून दहा मिनिटे वाळू द्यावा. फेविकॉलसारखा पांढरा डिंक दोन्ही बाजूंना पातळ पसरवून शिकंज्यात आवळावा. कडेने डिंकाचे बारीक मणी सर्वत्र सारखे बाहेर आले म्हणजे दाब बरोबर आहे. तीन-चार तासांनी शिकंजा काढता येतो, पण रंधा आणि ड्रिल २४ तासांनंतरच लावावे.

टप्पा ५: आखणी आणि वाट्या पाडणे

सर्वांत जास्त कोयऱ्या या टप्प्यात वाया जातात, म्हणून येथे घाई करू नये.

वाटीसाठी ३५ मिलिमीटरचे बिट मुद्दाम निवडले आहे. मॉड्युलर किचनच्या कपाटांना आतून लागणाऱ्या बिजागऱ्यांसाठी हेच बिट वापरतात, त्यामुळे ते कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते आणि ओळखीच्या सुताराकडूनही मागून आणता येते. जुने सुतार या मापाला अकरा सूत म्हणतात.

५०० मिलिमीटर लांबीच्या पट्टीतून चार कोयऱ्या निघतात. एक टोक १० मिलिमीटर कापून काटकोनात करावे आणि तेथून मोजावे. पहिल्या कोयरीच्या वाट्यांचे मध्य ३२ आणि ७८ मिलिमीटरवर, दुसरीचे १४५ आणि १९१ वर, तिसरीचे २५८ आणि ३०४ वर, चौथीचे ३७१ आणि ४१७ वर येतात. दोन कोयऱ्यांमध्ये करवतीसाठी ३ मिलिमीटर धरलेले आहेत. रुंदीत मध्यरेषा खूण केलेल्या कडेपासून साडेसत्तावीस मिलिमीटरवर मारावी. या मापाने दोन वाट्यांमध्ये ११ मिलिमीटरची भिंत राहते. ‘वाट्या जवळजवळ शोभतात’ म्हणून ती कमी करू नये: लांबीच्या दिशेने धावणारे तंतू त्या भिंतीत दोन्ही बाजूंनी तुटून अगदी आखूड उरलेले असतात, आणि भिंत बारीक झाली की चिमटीच्या दाबानेही तिची ढलपी उडते.

प्रत्येक मध्यावर टोच्याने खळगी पाडावी. पट्टी टेबलाला दोन क्लॅम्पनी आवळावी. हाताने धरू नये. ड्रिल स्टँड नसेल, तर १२ मिलिमीटरच्या प्लायमध्ये ३५ मिलिमीटरचे भोक पाडून फर्मा करावा आणि तो पट्टीवर आवळून त्यातून बिट उतरवावे. मोकळ्या हाताने एवढे मोठे बिट सुरुवातीलाच सरकते आणि वाटीची कड लांबट होते. फर्मा वापरताना खोलीची खूण करताना त्याचे १२ मिलिमीटर मिळवायला विसरू नये.

वाटीची खोली १३ मिलिमीटर ठेवावी. बिटाचे मधले टोक त्याखाली आणखी तीन-चार मिलिमीटर जाते, म्हणून २२ मिलिमीटर जाडीत तळाशी पाच मिलिमीटर तरी शिल्लक राहतात. जाडी १८ असताना हीच खोली ठेवल्यास टोक जवळजवळ खालच्या बाजूपर्यंत पोहोचते. पहिल्या वर्षी माझ्या सहा कोयऱ्या अशाच गेल्या आणि त्यांच्या तळातून कुंकू झिरपले.

ड्रिलचा वेग मिनिटाला ५०० ते ८०० फेऱ्यांच्या आसपास असावा. दर तीन-चार मिलिमीटरला बिट वर घेऊन भुसा झटकावा. जळका वास आला किंवा धूर दिसला, तर थांबून धार पाहावी. सागवानातील सिलिकामुळे धार अपेक्षेपेक्षा लवकर जाते. करपलेली वाटी नंतर कितीही घासली तरी आत काळसरपणा राहतो.

इशारा: या टप्प्यापासून डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर एन-९५ मास्क असावा. लाकडाची बारीक धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास कर्करोगाचे कारण ठरते. हातमोजे मात्र फिरत्या ड्रिलजवळ घालू नयेत, आणि साडीचा पदर, ओढणी, मोकळे केस घट्ट बांधूनच काम करावे.

बिटाच्या टोकाने तळाशी पडलेली खळगी त्याच लाकडाचा बारीक भुसा डिंकात कालवून भरावी. ती उघडी ठेवली, की कुंकू त्यात साचते व निघत नाही.

टप्पा ६: सुटे करणे

सर्व पट्ट्यांतील सर्व वाट्या पाडून झाल्यावरच करवत हाती घ्यावी. गुण्याने चारही बाजूंना रेघ फिरवावी आणि रेघेच्या बाहेरून कापावे. शेवटच्या दोन-तीन फटक्यांना तुकडा खालून आधार देऊन धरला नाही, तर कोपरा फाटतो.

टप्पा ७: घासकाम

एक कोयरी पूर्ण करून दुसरी हाती घेण्याची पद्धत टाळावी. पंचवीसही कोयऱ्यांना ८० नंबर, मग सर्वांना १२०, मग १८०, मग २२० असा क्रम ठेवावा. मधला नंबर वगळल्यास आधीच्या कागदाचे ओरखडे तसेच राहतात. कोरड्या लाकडावर ते दिसत नाहीत आणि पॉलिशचा पहिला हात पडताच ठळक होतात. घासणे नेहमी तंतूंच्या दिशेने असावे. वाटीच्या तळासाठी पाण्याच्या प्लास्टिक बाटलीच्या झाकणावर कागद चिकटवावा. ते ३५ मिलिमीटरच्या वाटीत सहज फिरते. बाहेरच्या कडा दोन मिलिमीटर गोलाव्यात, वाटीची कड मात्र फक्त धार मोडेल इतपतच घासावी.

१८० झाल्यावर सर्व कोयऱ्या ओलसर फडक्याने पुसून तासभर वाळू द्याव्यात. दबलेली कुसळे त्यामुळे उभी राहतात आणि २२० ने कायमची जातात. हे केले नाही, तर तीच कुसळे पॉलिशच्या ओलाव्याने उठतात.

तपासणी: अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा झोत आडवा टाकून पाहावे. ओरखडे सावलीसारखे दिसतात.

टप्पा ८: पॉलिश

हळदीचा पिवळा रंग उघड्या लाकडात खोल मुरतो आणि कुंकू हवेतील ओल धरते. त्यामुळे वाटीच्या आतील भागालाही बाहेरच्याइतकेच पॉलिश हवे. या कामासाठी मी चपडा लाखेचे पॉलिश सुचवतो. लाख गोळ्यांच्या आणि मिठायांच्या वेष्टनातही वापरली जाते, आणि स्पिरिट उडून गेल्यावर लाकडावर फक्त तिचाच थर उरतो.

पंचवीस कोयऱ्यांसाठी ३० ग्रॅम चपडा लाख २५० मिलिलिटर स्पिरिटमध्ये काचेच्या बरणीत रात्रभर भिजवावी, अधूनमधून हलवावी आणि सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळावी. बरणीवर तारीख लिहावी, कारण जुनी झालेली लाख कधीच नीट वाळत नाही. मागील वर्षीचे पॉलिश उरले असेल, तर आधी काचेवर एक थेंब पसरून पाहावा. तासाभराने बोट चिकटले तर ते फेकून द्यावे.

इशारा: हे स्पिरिट विषारी आणि अत्यंत ज्वालाग्राही असते. गॅस, समई, उदबत्ती यांपासून दूर, खिडक्या उघडून काम करावे आणि बरणी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

डिसेंबर-जानेवारीत कृष्णाकाठी पहाटे धुके असते. दमट हवेत दिलेल्या हातावर पांढरट झाक येते, म्हणून पॉलिश सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेतच करावे. सुती बोळ्याने पातळ हात द्यावा, एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवू नये. दोन तासांनी ४०० नंबरच्या कागदाने हलके घासून पुसावे व दुसरा हात द्यावा. टोकांची बाजू पॉलिश जास्त पिते, तेथे एक हात अधिक लागतो. असे तीन हात पुरतात.

दोन दिवसांनी मधमाश्यांच्या मेणाचा अगदी पातळ लेप देऊन मऊ फडक्याने चोळावे. महाबळेश्वर भागात मधाबरोबर शुद्ध मेणही मिळते. चार भाग लिक्विड पॅराफिन आणि एक भाग मेण, वजनाने, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवावे. थेट आचेवर कधीही नाही.

काहीजण लाखेऐवजी घरचे शेंगदाणा तेल लावतात. ते वाळतच नाही आणि महिनाभरात खवट वास येतो. जवसाचे तेल वाळते, पण या थंडीत त्याला दोन आठवडे लागू शकतात. शिवाय जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून टाकल्यास ते आपोआप तापून पेट घेऊ शकतात. असे फडके पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवावेत किंवा बाहेर दोरीवर सुटे पसरून वाळवावेत.

टप्पा ९: देण्यापूर्वी

शेवटच्या हातानंतर सात दिवस कोयऱ्या उघड्या ठेवाव्यात. वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, शाई उमटते. प्लास्टिकच्या पिशवीतही कोंडू नयेत. सुती कापडाचे चौकोनी तुकडे यासाठी चांगले. हळद आणि कुंकू कोरडे असल्याची खात्री करून देण्याच्या दिवशीच भरावे. सोबतच्या चिठ्ठीत दोन सूचना लिहाव्यात: कोयरी पाण्याने धुवू नये, कोरड्या फडक्याने पुसावी, आणि अत्तराची कुपी तिच्यावर ठेवू नये, कारण अत्तरात अल्कोहोल असल्यास ते लाखेचा थर विरघळवते.

कोयरीच्या मापात न बसलेले पण धडधाकट तुकडे फेकू नयेत. ८० मिलिमीटर लांबीच्या तुकड्यात १२ मिलिमीटर रुंद, किंचित मागे कललेली खाच पाडली की मोबाइलचा स्टँड होतो. हे काम मात्र कोयऱ्या वाळायला ठेवल्यानंतर करावे, आणि वेगळ्या खोलीत, म्हणजे त्याचा भुसा ओल्या पॉलिशवर बसणार नाही.